पातळ गोल पाईपाला ‘सीओटू’ वेल्डिंग कशी मारायची? कोळप्याच्या हँडलपासून खाटेपर्यंत, कामाची सगळी माहिती

जालना : पेरणी उरकून तण वर आलं की तालुक्याच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानांपुढं गर्दी होते. कुणाच्या सायकल कोळप्याचं हँडल निखळलेलं असतं, कुणाच्या फवारणीच्या गाड्याचा दांडा सुटलेला असतो, कुणी पाय मोडलेली लोखंडी खाट डोक्यावर घेऊन आलेला असतो. हा सगळा माल म्हणजे पातळ गोल पाईप. नीट बघितलं तर पाईप क्वचितच तुटलेला दिसतो. सुटतो तो जोड, किंवा चीर जाते ती जोडाच्या अगदी काठाला.

सिंगल फेजवर चालणारी छोटी मिग मशीन आता गावातल्या पोरांच्याही हातात आली आहेत. कोळप्याचं हँडल, खुर्ची, गोठ्याची गव्हाण, दाराची जाळी अशी कामं घरबसल्या होऊ लागली. पण रॉडच्या वेल्डिंगचा हात घेऊन पातळ पाईपाला हात घातला की दोनपैकी एक गोष्ट घडते. पाईपाला भोक पडतं, किंवा भोक पडेल या भीतीनं करंट इतका कमी ठेवला जातो की वेल्डिंग वरच्यावर चिकटते. पहिली चूक डोळ्याला दिसते, म्हणून तिची दुरुस्ती होते. दुसरी दिसत नाही. वरून सुंदर दिसणारी वेल्डिंग ऐन कोळपणीत शेतात निखळते आणि मग मजूर बांधावर बसून राहतात. ही माहिती मुख्यतः त्या दुसऱ्या चुकीसाठी आहे.

नाव मिग, गावात ‘सीओटू’

मिगमध्ये रॉड नसतो. स्पूलवरची बारीक तार टॉर्चमधून आपोआप पुढं येते, तिच्या टोकाला आर्क पेटतो आणि तीच वितळून जोडात भरते. भोवती गॅस सुटतो, तो हवेला आत येऊ देत नाही. ही पद्धत १९४८ च्या सुमारास अमेरिकेत ॲल्युमिनियमसाठी महागड्या आर्गॉन गॅसवर सुरू झाली. १९५० च्या दशकात स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरता येतो हे कळलं आणि ती साध्या लोखंडाच्या कामात शिरली. आपल्याकडं वर्कशॉपमध्ये तिला सरळ ‘सीओटू’च म्हणतात.

पातळ कामाला ती रॉडपेक्षा का बरी? दुकानात सर्रास मिळणारा रॉड २.५ मिमीचा असतो आणि खाटेचा पाईप १.२ मिमीचा. म्हणजे वितळवायचा रॉड पाईपाच्या भिंतीच्या दुप्पट जाड. मिगची तार ०.८ मिमीची असते, करंट कमी लागतो आणि ट्रिगर सोडला की आर्क तिथंच विझतो. घोडा दाबून सोडून थेंब थेंब टाकता येतो, ही खरी सोय.

जालना म्हटलं की सळई. इथल्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत आणि जाड कामाचे कसलेले वेल्डर जिल्ह्यात भरपूर सापडतात. पण जाड कामातला हात पाईपावर उलटा पडतो. तिथं जास्त करंट आणि संथ चाल लागते, इथं कमी करंट आणि चपळ हात. चांगल्या वेल्डरलाही पातळ पाईपासाठी पुन्हा शिकावं लागतं, त्यात कमीपणा नाही.

आधी पाईप ओळखा

दुकानदार पाईप गेजमध्ये विकतो. गेजचा आकडा जितका मोठा तितका पाईप पातळ, हे नवख्याला उलटं वाटतं. १४ गेज म्हणजे साधारण २ मिमी, १६ म्हणजे १.६, १८ म्हणजे १.२ आणि २० गेज जेमतेम ०.९ मिमी. शिकायला १६ गेजचा एक इंची काळा पाईप घ्या. २० गेजवर शिकायला बसणं म्हणजे पोहायला शिकायला थेट विहिरीच्या मधोमध उडी घेणं.

काळा पाईप आणि जीआय पाईप यांतला फरक पक्का डोक्यात ठेवा. काळ्यावर नुसती पपडी आणि तेलाचा हात असतो. जीआयवर जस्ताचा थर असतो, त्याचं वेगळं प्रकरण पुढं येतंच.

जोडाच्या दोन्ही बाजूंनी किमान एक इंच पाईप चमकेपर्यंत घासा. काळी पपडी, गंज, तेल, रंग, सगळं काढा. ‘मशीन ताकदीचं आहे, रंगासकट मारू’ असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. रॉडवरचा मसाला थोडी घाण सांभाळून घेतो, मिगच्या उघड्या तारेला तेवढाही आधार नसतो. रंगावर मारलेल्या वेल्डिंगमध्ये मुंग्यांच्या वारुळासारखी छिद्रं पडतात.

फट ठेवाल तर भोक पडेल

नवख्यांना वाटतं, भोक करंटमुळं पडतं. बहुतेक वेळा ते फटीमुळं पडतं. पातळ पाईपात दोन कडांमध्ये फट राहिली की वितळलेल्या लोखंडाला बसायला जागाच उरत नाही. कडा मागं सरकतात, फट रुंदावते आणि बघता बघता बोट जाईल एवढं भोक होतं. आदर्श जोडात फट जवळपास नसावी. तारेच्या जाडीपेक्षा, म्हणजे ०.८ मिमीपेक्षा, जास्त फट दिसली तर टॉर्च ठेवा आणि कानस घ्या.

गोल पाईपावर गोल पाईप आडवा बसवायचा तर सरळ कापलेलं टोक फक्त दोन ठिकाणी टेकतं, बाजूला मोठी फट राहते. म्हणून टोकाला माशाच्या तोंडासारखा खोलगट काप द्यावा लागतो. ज्या पाईपावर बसायचं त्याच्या बाहेरच्या व्यासाएवढा होल सॉ ड्रिलला लावला तर काप एका दमात मिळतो. होल सॉ नसेल तर टोकाला खडूनं खूण करून ग्राइंडरनं ढोबळ काप घ्या आणि अर्धगोल कानशीनं घासत बसवत जा. मध्ये मध्ये जोड उजेडासमोर धरा. फटीतून उजेड आला की अजून घासायचं. यात दहा मिनिटं गेली तरी चालतील, वेल्डिंगला पुढं दोनच मिनिटं लागणार आहेत.

टोक हातोडीनं चपटं करून चिकटवायची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. हलक्या आडव्या टेकूला ती चालते. हँडल किंवा खाटेचा पाय यांना नको, कारण चपटा झालेला पाईप एका बाजूला सहज वाकतो आणि वाकून वाकून तिथंच चिरतो.

तुटलेला पाईप टोकाला टोक लावून सरळ जोडायचा असेल तर आतून घट्ट बसेल असा लहान व्यासाचा दोन-तीन इंची तुकडा सरकवा. आतून पाठीला आधार मिळतो, भोक पडायची भीती निम्मी होते आणि जोडही सरळ राहतो. सरळ रेषेत ठेवायला अँगलचा तुकडा पालथा न ठेवता पन्हळीसारखा उताणा ठेवा आणि दोन्ही पाईप त्याच्या खाचेत टेकवा. यापेक्षा स्वस्त साचा नाही.

मशीन लावताना

ढोबळ हिशोब असा, पाईपाच्या दर १ मिमी जाडीला साधारण ४० अँपिअर. म्हणजे १६ गेजला ६० ते ६५ आणि १८ गेजला ५० च्या आसपास. छोट्या मशीनवर बऱ्याचदा अँपिअरऐवजी तारेच्या वेगाचं आणि व्होल्टचं अशी दोन बटणं असतात. मिगमध्ये तारेचा वेग वाढवला की करंट वाढतो. ०.८ मिमी तारेनं १६ गेजसाठी मिनिटाला ३ ते ४ मीटर वेग आणि १७ व्होल्टच्या आसपास सुरुवात करा. १८ गेजला अडीच मीटर आणि १६ व्होल्ट.

वेग मोजायची सोपी युक्ती आहे. अर्थचा क्लॅम्प काढून ठेवा, टॉर्च स्वतःपासून आणि लोखंडापासून दूर धरा, घड्याळ लावून ६ सेकंद ट्रिगर दाबा. बाहेर आलेली तार मोजा आणि दहानं गुणा. ३५ सेंटीमीटर आली तर वेग झाला मिनिटाला साडेतीन मीटर.

पुढचं काम कानाचं. सेटिंग बरोबर असेल तर फोडणीत मोहरी तडतडावी तसा सलग, एकसारखा आवाज येतो. तार पाईपाला टोचून टॉर्च हाताला मागं ढकलत असेल तर व्होल्ट कमी किंवा वेग जास्त. तडतड थांबून नुसता फुस्स आवाज येत असेल आणि तारेच्या टोकाला मोठा गोळा लोंबत असेल तर व्होल्ट जास्त, आता भोक पडणार. एका वेळी एकच बटण फिरवा, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

साध्या भरीव तारेला टॉर्च पॉझिटिव्हला आणि अर्थ निगेटिव्हला जोडतात. बिनगॅसच्या, म्हणजे पोटात मसाला असलेल्या तारेला बहुधा याच्या उलटं. आधीच्या माणसानं उलटी जोडणी ठेवली असेल तर दिवसभर शिंतोडे उडतात आणि दोष मशीनला जातो. बिनगॅसची तार उघड्या शेतात, वाऱ्यात कामाला येते. पण पातळ पाईपावर शिकायला ती कठीण, शिंतोडे जास्त आणि वर राखेचा थर. कारखान्यातून उरलीसुरली १.२ मिमीची तार फुकट मिळाली तरी या कामाला घेऊ नका.

गॅस मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरे. वाढवून फायदा नाही. फार जोरात सोडला तर गॅस भोवऱ्यासारखा फिरतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. १० लिटरवर आर्क सलग तासभर चालू राहिला तरी साधारण १.१ किलो गॅस लागतो. टाके मारत काम करणाऱ्याचा तर दिवसभरात मिळून तासभरही आर्क पेटत नाही. त्यामुळं गॅस फार लवकर संपतोय असं दिसलं तर आधी साबणाच्या पाण्यानं पाईपाचे जोड तपासा, गळती सापडेल. परवडत असेल तर आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण पातळ कामाला जास्त मऊ चालतं, शिंतोडेही कमी. पण तालुक्याच्या गावी ते मिळवायला खटपट पडते आणि शिकायला नुसत्या सीओटूनं काही अडत नाही.

पावसाळ्यात तार गंजते. काम झालं की स्पूल काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. गंजकी तार टीपमध्ये अडकते आणि आर्क तुटत राहतो.

टाके आधी, वेल्डिंग मागून

शिवणकामात जसे कच्चे टाके घालतात, अगदी तसंच. एक इंची पाईपाचा घेर जवळपास ८० मिमी भरतो. त्यावर समोरासमोर दोन टाके, मग त्यांना काटकोनात दोन, असे चार. दर टाक्यात २० मिमी अंतर राहिलं. पहिल्या टाक्यानंतर गुण्या लावून बघा, कारण लोखंड थंड होताना टाक्याच्या बाजूला ओढतं. खाट किंवा चौकट असेल तर चारी कोपरे टाचून दोन्ही कर्ण टेपनं मोजा. दोन्ही सारखे आले तरच पुढं जा. पक्क्या वेल्डिंगनंतर वाकडी चौकट सरळ करणं म्हणजे ती कापणं.

आता मुख्य काम. टॉर्च न पेटवता एकदा हात पूर्ण फिरवून बघा. गोल पाईपावर टॉर्चचा कोन क्षणाक्षणाला बदलावा लागतो, मनगट कुठं अडतं ते आधीच कळलेलं बरं. जमेल तिथं स्वतः फिरण्याऐवजी काम फिरवा. टीपच्या तोंडापासून पाईपापर्यंत ८ ते १० मिमी तार बाहेर राहू द्या. अंतर वाढलं की वेल्डिंग थंड पडते.

एका दमात पूर्ण घेर मारायला जाऊ नका. एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंत मारा, थांबा, मग समोरच्या बाजूचा तेवढाच भाग घ्या. उभ्या जोडात पातळ पाईपाला वरून खाली येणं सोयीचं, वितळलेलं लोखंड साचून भोक पाडत नाही. मात्र ३ मिमीच्या वर जाडी असेल तर हीच सवय घातक, तिथं वेल्डिंग नुसती वरून ओघळते.

टी जोडात आणखी एक मेख आहे. कापलेल्या पाईपाची कड पातळ, ती लवकर वितळते. ज्यावर तो बसला त्या पाईपाचं अंग मात्र उष्णता ओढून घेतं. म्हणून तारेचं टोक मधोमध न ठेवता जास्त करून अंगावर धरा आणि तिथलं वितळलेलं लोखंड कडेकडे नुसतं झुळकू द्या. कोळप्याच्या जाड पट्टीला पातळ पाईप जोडतानाही हाच नियम. आर्क जाडावर, पातळाला फक्त स्पर्श.

मिगची सुरुवात नेहमी थंड असते. पहिले काही मिलिमीटर लोखंड तापलेलं नसतं आणि तार वर नुसती बसते. म्हणून प्रत्येक तुकड्याची सुरुवात आधीच्या वेल्डिंगवर थोडं मागं जाऊन करा. शेवट करताना एकदम टॉर्च उचलू नका. तिथं खळगा राहतो आणि चीर त्या खळग्यातून निघते. क्षणभर थांबा, थेंबभर भरा, मग सोडा. आणि सुरुवात-शेवट अशा जागी ठेवा जिथं ताण कमी. हँडल वरखाली दाबलं जात असेल तर वर आणि खाली सलग वेल्डिंग हवी, सांधे बाजूला.

या वेल्डिंगच्या रेघेला कारागीर ‘बीड’ म्हणतात. शेजारच्या जिल्ह्याशी तिचा काही संबंध नाही.

भोक पडलंच तर? थांबा. घाबरून त्यावर तार ओतत राहिलात तर ते वाढेल. लाली जाऊ द्या, मग भोकाच्या काठावर एक थेंब मारून ट्रिगर सोडा. थेंबाची लाली काळवंडली की त्याच्या शेजारी दुसरा. असं कडेकडून आत येत भोक बुजवा आणि शेवटी ग्राइंडरनं सपाट करा. पाईपाच्या उघड्या टोकाजवळ भोक असेल तर आतून तांब्याची पट्टी टेकवा. लोखंड तांब्याला सहसा चिकटत नाही आणि थेंबांना पाठ मिळते.

पक्की झाली की नुसती चिकटली?

हे वरून सांगता येत नाही. मिगची थंड वेल्डिंग दिसायला गुळगुळीत असते, म्हणूनच ती फसवते. दोन खुणा थोडा अंदाज देतात. बीड दोरीसारखी उंच, गोल आणि काठाला दुमडलेली दिसत असेल तर शंका घ्या. काठ पाईपात विरघळल्यासारखा सपाट असेल आणि पाईपाच्या आतल्या बाजूला निळसर-करडा पट्टा उमटला असेल तर उष्णता आत पोचली आहे.

पण खरी परीक्षा फोडण्याची. शिकताना तयार केलेला टी जोड पकडीत घट्ट धरा आणि हातोडीनं आडवा पाडा. वेल्डिंगच्या शेजारी पाईप फाटला किंवा चेंबला, तर जोड पाईपापेक्षा मजबूत झाला. वेल्डिंगच निघून आली आणि खाली पाईपाची घासलेली चमक जशीच्या तशी दिसली, तर ती चिकटवलेली होती. मग व्होल्ट थोडं वाढवा, हात थोडा संथ करा, पुन्हा फोडा. फॅब्रिकेशनच्या दुकानातून पाईपाचे टाकाऊ तुकडे किलोच्या भावानं मिळतात. वीस जोड करा आणि वीसही फोडा. गिऱ्हाइकाचा पहिला जोड एकविसावा असावा.

सायकल कोळप्याचा प्रश्न

आपल्या भागात कपाशी, सोयाबीन, तुरीत सायकल कोळपं घरोघर दिसतं. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ भिसे यांनी जुन्या सायकलच्या भागांपासून असं कोळपं तयार केलं आणि नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं त्याची दखल घेतली. बैलजोडी नसलेल्या शेतकऱ्याला ते परवडतं. गावोगावचे कारागीर आता जुन्या सायकली कापून आपापल्या पद्धतीनं ती बनवतात.

इथं एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जुन्या काळ्या सायकलची फ्रेम वेल्डिंग केलेली नसते. तिच्या जोडात बाही असते आणि पाईप त्या बाहीत पितळ वितळवून बसवलेले असतात. त्या पितळावर मिग मारली की पितळ उकळतं, जोड भेगाळतो आणि पितळातल्या जस्ताचा पांढरा धूर नाकात जातो. फ्रेम वापरायची तर जुना सांधा कापून बाजूला टाका आणि पाईपाच्या कोऱ्या भागावर नवा जोड करा. चकचकीत हँडलवर निकेल-क्रोमचा मुलामा असतो. तो जोडाच्या जागेवरून ग्राइंडरनं पूर्ण काढा, तोंडाला मास्क बांधूनच, कारण क्रोमचा धूर आणि धूळ विषारी आहे.

कोळपं दिवसभर पुढं ढकललं, मागं ओढलं जातं. असा उलटसुलट ताण जोडाच्या काठावर येतो आणि तिथं केसाएवढी चीर सुरू होते. नुसती जाड बीड ओतून ती थांबत नाही. हँडल आणि मुख्य दांडा यांच्या कोनात पत्र्याचा त्रिकोणी तुकडा टाचा, ताण पसरतो. चीर गेलेला जोड दुरुस्तीला आला तर वरून लिंपू नका. चीर ग्राइंडरनं तळापर्यंत उघडा, तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढं सरकत नाही, मग भरा.

मोटारसायकलची चासी, गाडीचं स्टिअरिंग असली कामं मात्र शिकाऊ हातानं घेऊ नयेत. कोळपं मोडलं तर दिवस जातो, चासी मोडली तर माणूस जातो.

जीआय पाईपाला मिग नको

बीजोत्पादनासाठी आणि भाजीपाल्यासाठी जिल्ह्यात ठिकठिकाणी शेडनेट उभी आहेत. त्यांचा सांगाडा जीआय पाईपाचा असतो. वादळात पाईप वाकला की ‘वेल्डिंग मारून टाक’ असं सांगितलं जातं. लोखंड वितळायला सुमारे दीड हजार अंश लागतात, जस्त मात्र ९०७ अंशालाच उकळतं. म्हणजे लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी जस्ताचा धूर झालेला असतो. एक तर तो बीडमध्ये छिद्रं पाडतो. दुसरं, जोडाभोवतीचा जस्ताचा थर जळून गेल्यानं पाईप नेमका तिथून गंजायला लागतो. शेडनेटचे जोड क्लॅम्प आणि नट-बोल्टचे असतात, दुरुस्तीही तशीच करावी. वेल्डिंगशिवाय मार्गच नसेल तर जस्त घासून काढा, मोकळ्या हवेत वाऱ्याकडं पाठ न करता बाजूनं उभे राहा, आणि नंतर जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्या.

जस्ताचा धूर घेतलेल्या माणसाला काही तासांनी, बहुधा संध्याकाळी, थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. मलेरिया समजून गोळ्या घेतल्या जातात. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. धाप लागत असेल तर मात्र लगेच दवाखाना गाठा आणि वेल्डिंगचं काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. गूळ खाल्ला, दूध प्यालं की धूर बाधत नाही, हा समज दुकानादुकानांत आहे. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात.

वीज, वारा आणि डोळे

१६ गेजच्या कामाला ६५-७० अँपिअर आणि १७ व्होल्ट, म्हणजे आर्कमध्ये साधारण १,२०० वॅट. मशीनमधला तोटा धरून घरच्या २३० व्होल्टवर १० अँपिअरच्या आसपास ओढ पडते. १६ अँपिअरच्या पक्क्या पॉइंटवर पातळ काम होतं, जाड काम नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की सकाळची सेटिंग चालत नाही, आवाज ऐकून पुन्हा लावा. लांब, बारीक वायर ओढू नका. ती गुंडाळलेली ठेवली तर तापून वितळते. आकडा टाकून वेल्डिंग तर अजिबात नको. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर कोरडी फळी आणि रबरी तळाचे बूट हवेतच.

अंगणात वारा असेल तर गॅस उडून जातो. वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करा. मात्र चारी बाजूंनी बंद खोलीत काम नको. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तळाला साचतो आणि गुदमरवतो. सिलिंडर उभाच, साखळीनं बांधलेला, सावलीत. ३१ अंशाच्या पुढं त्यातला द्रव द्रव राहत नाही आणि दाब झपाट्यानं चढतो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या पुढं असतो, तेव्हा सिलिंडर उन्हात सोडू नका.

दोन्ही टोकं बंद असलेल्या पाईपाला वेल्डिंगआधी बारीक भोक पाडा, नाहीतर आतली हवा तापून शेवटचा थेंब फुटून तोंडावर येतो. पेट्रोलची टाकी किंवा औषधाचा डबा रिकामा दिसला तरी त्यावर आर्क पेटवू नका.

डोळ्यांना १० नंबरची काच हवी. गॉगल लावून किंवा डोळे मिटून टाके मारणारे बरेच आहेत. उघड्या डोळ्यांनी आर्क बघितला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं. बटाट्याच्या चकत्या, दुधाचे थेंब असले उपाय करू नका, डोळ्याच्या डॉक्टरांकडं जा. बघत उभ्या राहिलेल्या पोरांनाही तोच त्रास होतो, त्यांना आधी हटवा. अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. नायलॉनवर ठिणगी पडली की कापड कातडीला चिकटतं.

रीतसर शिकायचं असेल तर

शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यात रॉड, गॅस, मिग, टिग सगळं हाताखालून जातं आणि प्रमाणपत्र देशभर चालतं. प्रवेश दरवर्षी दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात. पिढ्यान्‌पिढ्या लोहारकाम करणाऱ्या कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत लोहार आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. नोंदणी गावच्या सीएससी केंद्रावर होते.

काम झालं की बीडवरचे शिंतोडे आणि काचेसारखे तपकिरी ठिपके तारेच्या ब्रशनं काढा, मगच रेड ऑक्साइड लावा. त्या ठिपक्यांवर लावलेला रंग पहिल्याच पावसात पोपडे धरतो. कोळपं असेल तर दोन-तीन दिवस चालवल्यावर जोडाच्या काठावरून चिंधी फिरवून बघा. रंगात बारीक रेघ दिसली किंवा चिंधीचा धागा अडकला, तर तीच चीर. हँडल हातात येण्याआधी ते परत टेबलावर घ्या.